व्हिडिओ कोणी रोखला, हे आधी लेखी विचारा

प्रश्न : रखडलेल्या पाणीयोजनेचा व्हिडिओ मी टाकला होता. आठवड्याभरात कंपनीची मेल आली, ‘कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर भारतात दिसणार नाही.’ मागणी कोणाची, कशासाठी, काहीच लिहिलेलं नाही. तो शेअर केलेल्या मैत्रिणी घाबरल्यात. दुसऱ्या खात्यावरून टाकू का?

उत्तर : ताई, तसं करू नका. खातं तर जाईलच, वर तुमची बाजूही विनाकारण लंगडी पडेल.

मेलमधला ‘भारतात’ हा शब्द नीट वाचा. कंपनीने स्वतःच्या नियमाखाली व्हिडिओ काढला असता, तर तो सहसा सगळीकडूनच गेला असता. म्हणजे आदेश बहुधा सरकारचा किंवा न्यायालयाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार इंटरनेटवरचा मजकूर रोखायला सांगू शकतं. तो आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थ कंपनीला (म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या कंपनीला) ७ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्यामुळे कंपनी तुमच्यासाठी सहसा भांडत नाही. ही शिक्षा तुम्हाला किंवा मैत्रिणींना लागू नाही. मजकूरच अन्य कायद्याने गुन्हा असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

या कलमाची कारणं ठरलेली आहेत : देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. रखडलेली पाइपलाइन यात कुठे बसते? २०१५च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकवलं, ते आदेशाची कारणं लेखी असतात आणि त्याला रिट याचिकेने, म्हणजे थेट वरिष्ठ न्यायालयात अर्ज करून, आव्हान देता येतं म्हणून. पण आदेशच हाती नसेल तर आव्हान कशाला देणार? मला यातला खरा अन्याय हाच वाटतो. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका बंद केलेल्या वेबसाइटच्या चालकाला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली होती. तो दाखला तुमच्या कामाचा आहे.

मेल, लिंक, तारखा आजच जपून ठेवा. मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रतीचा आकार आणि दर्जा कमी होतो, तिच्यावर विसंबू नका. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा : आदेश कोणाचा, कोणत्या कलमाखाली, प्रत द्या. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. ही समिती केंद्र सरकारनेच नेमलेली, त्यामुळे सरकारी आदेशाविरुद्ध तिच्याकडून मी फार आशा ठेवणार नाही. पण दाद मागितल्याची नोंद राहते. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेसाठी उच्च न्यायालय आहेच. तिथे जाताना हा सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून वकिलाकडे न्या.