स्थलांतरितांच्या हक्कांचं काम : सुरुवातीला एवढंच

अमेरिकेत या कामात उतरताय, छान. मोर्चे, भाषणं होतीलच; आधी लोकांकडे जा, चहा घ्या, ऐका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कायद्याचा सल्ला देणं. समोरचा रडकुंडीला आला की 'हा फॉर्म भरून टाका' असं तोंडातून निघतंच. नको! ते काम वकिलाचं किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीचं. नोटरीची पाटी लावून पैसे उकळणाऱ्यांनी आधीच पुष्कळ केसेसची वाट लावली आहे.

मग शिकवायचं काय?

- इमिग्रेशनचे अधिकारी दारावर आले तर दार न उघडता कागद फटीतून सरकवायला सांगा, सही बघा. 'आय-२००' हा इमिग्रेशन खात्याचा स्वतःचा अटक-वॉरंट. त्यावर न्यायाधीशाची सही नसते, म्हणजे तो कोर्टाचा वॉरंट नव्हे.
- केस चालू असेल तर पत्ता बदलला की इमिग्रेशन कोर्टाला कामकाजाच्या ५ दिवसांत कळवा. नोटीस जुन्या घरी गेली, माणूस तारखेला आला नाही, तर गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो. हे घडतं, आणि फार घडतं.
- बैठकीच्या हजेरीपत्रकात कुणाचं इमिग्रेशन स्टेटस (देशात राहायची कायदेशीर परवानगी आहे की नाही) लिहू नका.

आणि 'छापा पडलाय' हा मेसेज खात्री केल्याशिवाय पुढे ढकलू नका. नुसत्या अफवेच्या भीतीने अर्धी वस्ती मुलांना शाळेत पाठवत नाही. जामीन, अपील वगैरे नंतर बघू.