पगारपत्रकावर बेचाळीस हजार, हातात सोळा : सही केली म्हणून हक्क जातो का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित, राज्य मंडळाच्या माध्यमिक शाळेत जून २०१८ पासून सहशिक्षिका आहे. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. नववी-दहावीला गणित शिकवते. दर महिन्याला माझ्या खात्यात ४२,००० रुपये जमा होतात आणि त्यातले २६,००० दोन दिवसांच्या आत रोख काढून कार्यालयात नेऊन द्यावे लागतात. पगारपत्रकावर सही मात्र पूर्ण रकमेची. नेमणुकीच्या वेळी तीन सही केलेले कोरे चेक आणि तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेतला आहे. सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन शाळा, शिवाय मे महिन्यात प्रवेशासाठी घरोघर फिरणे. तक्रार केली तर काढून टाकतील का? आणि इतकी वर्षे खोट्या रकमेवर सही केली म्हणून मीच अडकेन का? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तीच भीती तुम्हाला सात वर्षे गप्प बसवून आहे. पगारपत्रकावरची सही ही तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, यात शंका नाही. पण कबुली म्हणजे अंतिम निकाल नव्हे. ती कोणत्या परिस्थितीत दिली, हे दाखवून खोडता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमचा पगार हा तुम्ही आणि संस्था यांच्यातल्या सौद्याचा विषयच नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ची नियमावली यांनी तो ठरवून दिला आहे. नियमावलीच्या अनुसूची 'क' मध्ये वेतनश्रेण्या आहेत आणि त्या अनुदानित शाळेला एक, विनाअनुदानितला दुसरी, अशा नाहीत. कायद्याने दिलेला हा हक्क 'मी कमी पगारावर राजी आहे' असे लिहून दिले तरी संपत नाही. कायद्याची तरतूद निष्फळ करणारा करार, करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातल असतो.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळी केस त्यावर उभी आहे. हिमाचल प्रदेशातल्या एका विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेच्या शिक्षकांनी सरकारी शिक्षकांइतका पगार मागितला, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. तिथे तसा कायदाच नव्हता. 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व एकट्याने खाजगी शाळेवर लादता येत नाही. याउलट दिल्लीत कायदा होता, म्हणून १९८६ मध्ये फ्रँक अँथनी स्कूलच्या शिक्षकांच्या बाजूने निकाल लागला. महाराष्ट्रात कायदा आहे. त्यामुळे अर्जात 'माझ्यावर अन्याय होतो' एवढेच लिहून थांबू नका. 'अनुसूची क प्रमाणे देय असलेले वेतन दिले जात नाही' हे वाक्य पहिल्या परिच्छेदात यायला हवे.

तुमचा आकडा किती?

बी.एड. पदवीधर माध्यमिक शिक्षकाची सातव्या वेतन आयोगातली श्रेणी एस-१४ आहे : ३८,६०० ते १,२२,८००. जून २०१८ पासून नियमित सहशिक्षक धरले आणि दर जुलैची वेतनवाढ मोजली, तर जुलै २०२५ ला मूळ वेतन ४७,५०० होते. संस्था म्हणेल की पहिली तीन वर्षे शिक्षणसेवकाची, म्हणजे ठरावीक मानधनावरची, धरा. धरू. मग श्रेणी जून २०२१ ला सुरू होते आणि जुलै २०२५ ला मूळ वेतन ४३,५०० येते. म्हणजे संस्थेला सर्वांत सोयीचा हिशेब धरला तरी बँकेत जमा होणारे ४२,००० हे नुसत्या मूळ वेतनापेक्षाही कमी आहेत. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता अजून बाजूलाच.

त्यामुळे तुमच्या मागण्या दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या रकान्यांत मांडा. पहिली, परत घेतलेली रक्कम : दरमहा २६,०००. दुसरी, बँकेत जमा झालेली रक्कम आणि अनुसूचीप्रमाणे देय रक्कम यांतला फरक. दोन्ही एकत्र कालवल्या की समोरचा वकील एका आकड्यातली चूक दाखवून सगळा तक्ता संशयास्पद ठरवतो.

थकबाकी किती मागे जाऊन मिळते? पगाराच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. उच्च न्यायालयात रिट याचिका केली तरी २००८च्या तरसेम सिंग निकालापासून, सततच्या अन्यायाच्या बाबतीत, थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरती मिळते. पहिल्या रकान्याचेच ३६ महिन्यांचे ९,३६,००० रुपये होतात. त्याआधीची वर्षे वेतननिश्चितीत मोजली जातील, पण त्यांची रोख थकबाकी मिळेल अशी आशा धरू नका. आणि यापुढे थांबलेल्या प्रत्येक महिन्यागणिक मागचा एक महिना हातातून जातो.

तक्रारीच्या आधी पुरावा

बहुतेक प्रकरणे इथे फसतात. शिक्षक आधी भांडतात, मग कागद शोधायला लागतात, आणि तोवर मस्टर, वेळापत्रक, पगारपत्रक कार्यालयातून हलवलेले असते.

बँकेतून जून २०१८ पासूनचा शिक्क्यासह खातेउतारा घ्या. पगार जमा झाल्यावर दोन दिवसांत २६,००० रोख काढल्याची नोंद दर महिन्याला दिसेल. एका महिन्याचा व्यवहार योगायोग म्हणता येतो, सलग ३६ महिन्यांचा म्हणता येत नाही. आणखी दोन-तीन सहकाऱ्यांच्या खात्यांत त्याच तारखांना तसेच व्यवहार दिसले, तर तो सर्वांत भक्कम पुरावा. 'उद्यापर्यंत जमा करा' असे कार्यालयाचे व्हॉट्सॲप निरोप असतील तर ते पुसू नका, फोन बदलू नका. ते न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यासाठी मूळ फोन जवळ असलेला बरा.

भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर पासबुक उतरवून ठेवा. त्यावर सेवेचे महिने आणि संस्थेने स्वतः दाखवलेले वेतन असते. फॉर्म १६ मिळत असेल तर तोही. तुमच्या हाती न आलेल्या उत्पन्नाची नोंद तुमच्या नावावर आहे, हेच त्यातून सिद्ध होते.

१९८१च्या नियमावलीतल्या नियम ९(५) प्रमाणे अनुसूची 'ड' च्या नमुन्यातला नेमणूक आदेश तुम्हाला मिळायलाच हवा. तो असेल तर त्यावरचे शब्द पाहा : 'परिविक्षाधीन' (म्हणजे प्रोबेशनवर), 'तात्पुरती' की 'तासिका तत्त्वावर'. परिविक्षाधीन असाल आणि नेमणूक रीतसर रिक्त कायम पदावर असेल, तर १९७७च्या अधिनियमाच्या कलम ५(२) प्रमाणे दोन वर्षे पूर्ण झाल्यावर, शिक्षणसेवक असाल तर तीन वर्षांनी, तुम्ही कायम मानल्या जाता. 'तासिका' असे लिहिले असेल तर वर्षनिहाय वेळापत्रके, वर्गशिक्षिका म्हणून केलेल्या सह्या, बोर्डाच्या परीक्षेची नेमणूकपत्रे जपा. साडेसात ते साडेतीनची हजेरी इथे कामाला येते. शिक्षकाला ओव्हरटाइम देणारी तरतूद नाही, तेव्हा जादा तासांचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. पण तेच तास तुम्ही पूर्णवेळ असल्याचे सांगतात.

संस्थेकडे न मागताही बरेच कागद मिळतात. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांच्याकडे माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून शाळेने सादर केलेली कर्मचारी यादी, ज्येष्ठता यादी, वैयक्तिक मान्यतेचे (प्रत्येक नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी द्यायच्या मान्यतेचे) प्रस्ताव मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात असतात, त्यांत 'शिक्षक वेतन' खात्यावर किती खर्च दाखवला ते पाहा. फी ठरवताना पालक-शिक्षक समितीपुढे ठेवलेला वेतनखर्चही पाहा. पालकांकडून पूर्ण पगाराच्या नावाने फी घ्यायची आणि शिक्षकाकडून पैसे परत घ्यायचे, हे एकाच संस्थेच्या दोन कागदांत उघडे पडते.

चेक आणि राजीनामा

चेकचे काम याच आठवड्यात करा. चेकबुकातल्या अर्धपानांवरून तीन क्रमांक काढा आणि त्या क्रमांकांचे 'स्टॉप पेमेंट' लेखी द्या. बँकेची पोच घ्या.

राजीनाम्याबाबत १९७७च्या अधिनियमाचे कलम ७ तुमच्या बाजूने आहे. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख घालून, एक प्रत कर्मचाऱ्याने स्वतः रजिस्टर्ड पोस्टाने संस्थेकडे पाठवायची, अशी पद्धत कायद्यात घालून दिली आहे. कपाटातून काढलेला, मागाहून तारीख घातलेला कागद त्या कसोटीला उतरत नाही. तरीही शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात एक वाक्य घाला : 'नेमणुकीच्या वेळी माझ्याकडून तारीख नसलेला राजीनामा घेण्यात आला आहे, मी राजीनामा दिलेला नाही व देण्याचा माझा इरादा नाही.' त्या अर्जाच्या आवक शिक्क्यानंतरच्या तारखेचा राजीनामा पुढे आला, तर त्याला काही किंमत उरणार नाही.

आणि रागाच्या भरात खरा राजीनामा देऊ नका. पगाराची लढाई नोकरीत राहूनच चांगली लढता येते.

कोणत्या दारात जायचे

कामगार आयुक्तांकडे नको. शिक्षक हा 'कामगार' नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरंबल प्रकरणात ठरवले आहे. शाळा न्यायाधिकरणातही आत्ता नको. कलम ९ खालचे अपील बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा ज्येष्ठता डावलून दिलेली बढती यांविरुद्ध असते. नुसत्या कमी पगाराची तक्रार तिथे टिकत नाही, आणि यात लोकांची दोन-दोन वर्षे गेलेली आहेत. पोलिसांकडे जाता येते, पण सुरुवात तिथून केली तर 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतात आणि संस्था सावध होते.

तुमचे पहिले दार त्याच अधिनियमाचे कलम ४(३). पगार व भत्ते नियमांपेक्षा कमी असतील, तर शिक्षण संचालकांनी संस्थेला ते ठरावीक मुदतीत नियमाच्या पातळीवर आणण्याचा लेखी आदेश द्यायचा असतो. तो पाळला नाही तर कलम ४(४) प्रमाणे, म्हणणे ऐकून घेऊन, शाळेची मान्यता काढता येते. अर्ज शिक्षण संचालकांच्या नावे करा, शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत द्या, विभागीय शिक्षण उपसंचालकांना प्रत पाठवा. नाव आणि सही घालूनच द्या, निनावी अर्ज दफ्तरी दाखल होतो. तीन-चार शिक्षक असाल तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तक्ता वेगळा, तारीख एकच. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

साधारण दीड-दोन महिन्यांत हालचाल झाली नाही, तर वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. सांगली जिल्ह्यासाठी आता मुंबईला जायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे. खाजगी शाळेविरुद्ध रिट चालत नाही, असा आक्षेप नक्की येईल. २०२२च्या सेंट मेरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की खाजगी संस्थेतल्या नोकरीचा वाद एरवी रिटमध्ये येत नाही, पण सेवाशर्ती कायद्याने नियंत्रित असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्या त्या तशा आहेत.

दुसरा ठरलेला आक्षेप वैयक्तिक मान्यतेचा. 'शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता नाही, म्हणून नेमणूकच वैध नाही.' मान्यता ही वैध नेमणुकीची पूर्वअट नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूल प्रकरणात सांगितले आहे. तिसरा आक्षेप टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, असू शकतो. ती परीक्षा पहिली ते आठवीच्या शिक्षकांना लागू आहे. अर्ज करण्याआधी गेल्या तीन वर्षांत तुमच्या नावावर आठवीचे तास लावले होते का, ते वेळापत्रकात तपासा. असतील तर टीईटीच्या सक्तीबाबतच्या १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो मुद्दा वकिलाला आधीच सांगून ठेवा.

काढून टाकले तर

प्रयत्न होऊ शकतो, हे लपवत नाही. पण कायम शिक्षिकेला चौकशीशिवाय काढता येत नाही. नियम ३६ प्रमाणे चौकशी समितीत तीन जण असतात : संस्थेचा एक, तुम्ही निवडलेला एखाद्या खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक. तुमचा सदस्य आत्ताच मनात ठरवून ठेवा.

'उद्यापासून येऊ नका' असे तोंडी सांगितले, तर दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत जा. मस्टर दिले नाही तर फाटकावरूनच मुख्याध्यापकांना ईमेल करा, त्याच दिवशी नोंदणीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणात अपील करा. उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. अपील जिंकल्यास पुनर्स्थापनेबरोबर थकीत वेतनाचा आदेश मिळू शकतो. तुमची कागदपत्रे त्या दिवसासाठीही तितकीच लागतील.

कधी ना कधी नोकरी सोडाल तेव्हा उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क आहे. १९९७ पासूनचा हा हक्क खाजगी शाळांच्या शिक्षकांना लागू असल्याचे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. सात वर्षांचे उपदान १६,००० वर मोजले तर सुमारे ६४,६१५ रुपये, ४७,५०० मूळ वेतनावर मोजले तर १,९१,८२७. वेतननिश्चितीचा आदेश मिळवण्याचे हेही एक कारण.

राहिला पुढच्या पगाराचा दिवस. अर्जाला आवक क्रमांक मिळेपर्यंत उघड नकार देऊ नका. मात्र रोख काढू नका. संस्थेच्या नावाने २६,००० चा रेखांकित चेक लिहा, मागे 'पगारातून परत मागितलेली रक्कम' असे लिहा, दोन्ही बाजूंचा फोटो घ्या आणि पावती मागा. घेतला, तर व्यवहार बँकेच्या नोंदीत आला. घेतला नाही, तर त्याच संध्याकाळी 'आपण चेक नाकारून रोख मागितली' एवढ्या एका ओळीचा ईमेल मुख्याध्यापकांना पाठवा आणि ती रक्कम खात्यातच राहू द्या.