पणजोबांची 'काळी पाचवी' शोधताय? आधी पदकाची कड वाचा

तुमचे पणजोबा तासगाव तालुक्यातले, जर्मनच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, बसऱ्याकडे (आजच्या इराकात) गेले ते परत आलेच नाहीत. घरात चांदीचं पदक आहे, आजी 'काळी पाचवी' म्हणायची, आणि '5 मराठा, सांगली' असं शोधून काही सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. आमच्या घरीही हेच झालं, फक्त तालुका कोरेगाव.

'काळी पाचवी' म्हणजे तेव्हाची 105वी मराठा पलटण. मूळची बॉम्बे इन्फंट्रीची 5वी, 1903 मध्ये आकड्यात शंभर मिळवले. '5वी मराठा लाइट इन्फंट्री' हे रेजिमेंटचं नाव 1922 चं, लढाईनंतरचं. आणि सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. तासगाव साताऱ्यात होतं, 1949 ला दक्षिण सातारा झाला, 1960 ला त्याचं सांगली. म्हणून 105 आणि सातारा धरून शोधा.

आता माझी चूक. पणजीच्या पेन्शनच्या कागदावर निळ्या शाईत पणजोबांचा पलटणीतला नंबर होता. एका कार्यालयात 'मूळ प्रतच लागेल' म्हणाले आणि मी ती दिली. झेरॉक्स नाही, फोटो नाही, पोचसुद्धा घेतली नाही. चार महिन्यांनी गेलो तर टेबलावरचा माणूस बदललेला, आणि 'आवक रजिस्टरला तुमचा अर्जच नाही' हे उत्तर. सात हेलपाटे घातले. पणजीने पत्र्याच्या पेटीत साठ वर्षं जपलेला कागद माझ्या हातून गेला, हे अजून सलतं. मूळ कागद कुणालाही देऊ नका, साहेब कितीही गोड बोलले तरी. माझं मत कडवट वाटेल, चांगले कारकूनही भेटतात, पण पोच घ्याच.

मग पदकाकडे वळलो. पहिल्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्याकडे दर दसऱ्याला ते रांगोळीने घासायचे, त्यामुळे शेवटचा आकडा 1 की 7 ते आजही कळत नाही. तुमचं पदक घासू नका, सोनाराकडे तर नेऊच नका. अंधारात बॅटरी आडवी धरून भिंगातून बघा.

नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत टाका. तिथे फक्त मृतांची नोंद असते. नावाचं स्पेलिंग गोऱ्या साहेबाच्या कानाला लागलं तसं, म्हणून नावापेक्षा नंबरवर भरवसा ठेवा. बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली नव्हती, पलटणवार नुसते आकडे होते. तिथल्या फोटोत नाव दिसलं नाही तर खचू नका.

गावच्या चावडीत संगमरवरी पाटी असेल तर तीही बघा. बहुतेक ठिकाणी 'इतके गेले, इतके पडले' एवढंच असतं, पण गाव पक्कं होतं.

मी काही इतिहासकार नाही, चुकलो तर जाणकारांनी सांगावं. पण कडेचा फोटो इथे टाका, आकडे लावायला मी बसतो.