वीजबिलांच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

वस्तीतल्या समाजमंदिरात दर रविवारी वीजबिलांचं टेबल तू सांभाळणार, हे कळलं आणि फार बरं वाटलं. एक मात्र आधीच सांगते: समोर आलेल्या बाईला 'वीज जपून वापरा' असं सांगू नकोस. पहिल्या वर्षी मी तेच सांगायचे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना मी दुपारचा पंखा बंद ठेवायला सांगितलं. त्यांनी मे महिनाभर ठेवला, आणि बिल होतं तेवढंच आलं. तेव्हा कुठे मी त्यांची जुनी बिलं शेजारी शेजारी मांडली. तीन महिने मागील रीडिंग आणि चालू रीडिंग एकच! मीटर कुणी वाचलाच नव्हता, सरासरीने आकारणी चालली होती. त्या मे महिन्याची टोचणी मला अजून आहे.

म्हणून आधी कागद बघ: दोन्ही रीडिंग, मीटरचा फोटो, थकबाकीचा रकाना. मग घरी जाऊन मीटर स्वतः वाच. 75 वॅटचा पंखा तेरा-साडेतेरा तास फिरला की एक युनिट होतं. हा हिशेब त्यांच्यासमोर वहीत मांड. एक पंखा आणि दोन एलईडी दिवे एवढ्यावर महिन्याला 200 युनिट पडत असतील, तर दोष त्यांच्या वापराचा नाही. मीटर किंवा वायरिंग तपासायला लाव.

भाडेकरूंचं दुखणं निराळं. चार खोल्या एका मीटरवर असल्या की युनिट एकत्र मोजले जातात आणि 100 युनिटांचा स्वस्त टप्पा सगळ्यांच्याच हातून जातो. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेत राहणाराही जोडणी मागू शकतो. पण मालकाशी भांडायला त्यांना पुढे करू नकोस. खोलीच गेली तर? त्यांची संमती घेऊन तूच बोल.

सगळ्यात मोठी धास्ती वीज तोडण्याची. कलम 56 नीट वाचून ठेव. थकबाकीसाठी तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाच्या रकमेवर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांतली कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अर्जाच्या दोन प्रती कर आणि एकीवर शिक्क्यानिशी पोच घे. पोच नसली की पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचात फार अडतं.

गॅसचं विचारायलाही बायका येतील. उज्ज्वलाची जोडणी असून चूल का पेटवता, असं विचारू नकोस. 14.2 किलोच्या सिलिंडरचे पैसे एकदम जुळत नाहीत, हे त्यांना तोंडाने सांगायला लावणं बरं नव्हे. 5 किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो, तेवढं सांग.

रविवारी येताना टॉर्च आण. तिथले मीटर जिन्याखाली आहेत, दिवसाही आकडे दिसत नाहीत.

तुझी,
ताई