मुलांसाठी रहस्यकथा लिहायची तर तिच्यात मूलभूत घटक कोणते हवेत?

साधारण ८ ते १२ वर्षांच्या वाचकांसाठी पाच गोष्टी लागतातच: एक ठळक कोडं, स्वतः शोध घेणारं मूल, तीन-चार संशयित, धागेदोरे (त्यातले काही दिशाभूल करणारे) आणि पटणारा उलगडा. यात खरी मेहनत धाग्यादोऱ्यांवर घ्या. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला दुवा लगेच वाचकासमोरही यायला हवा. मुलांच्या कथेत तर हा नियम अजिबात मोडू नये. शेवटच्या पानावर अचानक नवी माहिती काढली की मूल चिडतं, आणि त्याचं चिडणं रास्तच असतं. दुवा साध्या वर्णनात लपवा. "मी दुपारभर घरातच होतो" असं म्हणणाऱ्या काकांची छत्री कोपऱ्यात टपटप गळतेय, एवढं एक वाक्य पुरतं. त्याच क्षणी मांजराने फुलदाणी पाडली की वाचकाचं लक्ष तिकडे जातं. मोठी माणसं कथेत असू द्या, पण कोडं त्यांनी सोडवता कामा नये. संशयितांना प्रत्येकी एक कारण आणि एक संधी असली की झालं. फक्त एक लक्षात घ्या, रहस्य म्हणजे गुन्हाच हवा असं नाही. लहानांना हरवलेली वही किंवा निनावी चिठ्ठीसुद्धा खिळवून ठेवते; किशोरवयीन वाचकांसाठी मात्र धोका थोडा वाढवावा लागतो.