अठराव्या वर्षाची पहिली सही

प्रश्न : ताई, माझी मुलगी पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करते. धुळ्याला होस्टेलवर राहून शिकते. मागच्या सुट्टीत तिनं मोबाईलवर मेक्सिकोतल्या मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा दाखवला. मोठा घेरदार झगा, डोक्यावर मुकुट, सगळे नातलग गोळा झालेले. मला म्हणाली, "आई, आपल्यात मुलगी मोठी झाली म्हणून असं काही करतात का?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई म्हणतात, अठरा झाले, आता फोटो-बायोडाटा फिरवायला काढा. तिच्या भावाच्या अठराव्याला आम्ही चौकात बॅनर लावलं होतं, डीजे आणला होता. हिचा मात्र घरातल्या घरात केक कापू, असं तिचे पप्पा म्हणतात. मला दोन्ही पटत नाही, पण करायचं काय तेही सुचत नाही. तिच्या आजोबांनी मृत्युपत्रानं बागायतीतलं एक एकर तिच्या नावावर ठेवलंय. तेवढं सोडलं तर तिचं स्वतःचं असं काही नाही.
— एक आई, शिरपूर तालुका

उत्तर : ताई, मुलीला सांगा, आपल्यातही करत होते. पण ते दार लोटून करत होते, म्हणून तुमची जीभ अडली असेल.

माझंच सांगते. पांझरेकाठचं गाव, मी तेराची. न्हाण आलं तेव्हा मला ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवलं. तांब्या वेगळा, थाळी वेगळी. चौथ्या दिवशी आईनं शिकेकाईनं डोकं धुतलं, हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि गल्लीतल्या चार बायकांना बोलावलं. ओटीत गहू पडले, खोबऱ्याची वाटी पडली, हळकुंड, सुपारी. सगळं कुजबुजत. आमची मोठी माय दारातच बसून होती, कोणी पुरुषमाणूस आत येऊ नये म्हणून, आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होती, "पोर मोठी व्हयनी आते." पंधरा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आदल्या वर्षापर्यंत मी लिंबाच्या झोक्यावर उभी राहून झोका चढवायचे, फांदीच्या पानांना पाय लागेपर्यंत. त्या वर्षी आई म्हणाली, बसून घे, हळू घे, लोक बघतात. काथ्याच्या त्या दोरीचा खरखरीतपणा अजून माझ्या तळहाताला आठवतो. मोठं होण्याचा माझा सोहळा तो एवढाच.

माझ्या आजीच्या पिढीत तर लग्न आधीच झालेलं असायचं. न्हाण आलं की मुलीला मखरात बसवायचे, कारण आता ती सासरी पाठवायजोगी झाली. तमिळनाडूत मंजळ नीराट्टु विळा, म्हणजे हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घालायचा सोहळा, आजही मांडव घालून करतात, आंध्र-तेलंगणात मुलीला पहिल्यांदा लंगा-ओणी, म्हणजे परकर आणि अर्धी साडी, नेसवतात. तिथंही जुना हेतू हाच, गावाला कळावं की या घरात मुलगी लग्नाजोगी झाली.

तुमच्या मुलीनं पाहिलं ते किन्सेआन्येरा. दिवसाची सुरुवात चर्चमधल्या प्रार्थनेनं होते. पुढे भर मंडपात बाप खाली वाकतो, मुलीच्या पायातले सपाट बूट काढतो आणि टाचेचे बूट चढवतो. कुठे कुठे तिला शेवटची बाहुली देतात. मग बापलेक मिळून नाचतात. झगा-मुकुटाचं मला फार वाटत नाही, खर्चापायी तिकडेही घरं वाकतात. पण बाप सगळ्यांदेखत मुलीच्या पायाशी बसतो आणि ते तिला कोणाच्या घरी पाठवायचंय म्हणून नव्हे, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे बाप असा वाकतो तो लग्नात, वधूवरांचे पाय धुताना.

सासूबाईंवर रागावू नका. अठरा हा आकडा आपल्या घरांत शिरला तोच लग्नाच्या वाटेनं. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय १४ केलं, १९४९ मध्ये ते १५ झालं आणि १९७८ मध्ये १८. माझ्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६० आहे, गुरुजींनी नाव घालताना टाकलेली. खरी तारीख कोणालाच माहीत नव्हती. आई म्हणायची, आखाजीच्या मागेपुढे, खापरावर मांडे चालले होते. म्हणजे कागदोपत्री मी अठरा पूर्ण केले ते नेमके १९७८ मध्ये. त्याच पावसाळ्यात मला बघायला आले. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं, ते अठरावर आलं १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं. अठराव्या वर्षी मला सासरी जाता येत होतं, मत देता येत नव्हतं. तुमच्या सासूबाईंच्या कानावर जन्मभर अठराचा तोच एक अर्थ पडलाय. दुसरा अर्थ त्यांना दाखवणारं कोणी भेटलेलं नाही.

आता तुमच्या घरचं. चौकात डीजे लावा असं मी सांगणार नाही. पण भावाचा चौकात आणि हिचा घरात, हे तुमच्या मुलीला दिसतं, ती बोलत नसेल एवढंच. अंगणात करा, दार सताड उघडं ठेवून करा. गल्लीला सांगणं धाडा, तिच्या होस्टेलच्या मैत्रिणींना बोलवा. अंगणात पाट मांडून भोवती रांगोळी घाला आणि कणकेचे अठरा दिवे करा. कणीक घट्ट मळायची, पाणी बेतानं, चिमूटभर हळद. अंगठ्यानं खळगा करून दिवे वाफवून घ्या, म्हणजे चिरत नाहीत. तुपात भिजवलेल्या फुलवाती लावा. पहिलं ओवाळायचा मान सासूबाईंना द्या. मग तुम्ही, मग आत्या-मावश्या. आणि तिच्या पप्पांनीही ताम्हण हातात घ्यावं. हे कुठल्या पोथीत बसतं मला विचारू नका. माझ्या नातीच्या अठराव्याला माझ्या मुलानं ओवाळलं. त्याचा हात थरथरत होता आणि ताम्हणातली सुपारी घरंगळून तिच्या मांडीवर पडली. ती सुपारी तिनं जपून ठेवली आहे.

जेवणात तिला विचारून काय ते करा. शेवभाजी म्हणाली तर शेवभाजी. मांडे करायचे असतील तर ज्यांचा हात बसलाय अशा दोघी शेजारणी बोलवा. एकीनं पुरण भरायचं, दुसरीनं हातावर पोळी फिरवत कोपरापर्यंत वाढवायची नि उपड्या खापरावर टाकायची. मुलीला हौस असेल तर पुढे केव्हाही शिकेल. त्या दिवशी "बघू गं, तुला येतो का मांडा" असं कोणी म्हणायला लागलं तर तुम्ही मध्ये पडा. आणि स्थळाचा विषय त्या अंगणात निघता कामा नये. सासूबाईंना हे आदल्या दिवशी, शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगा.

ताई, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझं लक्ष तिथंच अडकलंय. ते एक एकर. मुलगी कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असल्यामुळे सातबाऱ्यावर तिच्या नावापुढे "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) असा शेरा आणि पालनकर्ता म्हणून वडिलांचं नाव असेल. तो शेरा अठरा पूर्ण झाल्यावर आपोआप जात नाही, अर्ज द्यावा लागतो. वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला जोडून तलाठी कार्यालयात द्या, नाहीतर ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरा. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर तिचं एकटीचं नाव राहील. हा अर्ज तिनं स्वतः लिहावा आणि त्यावर तिनं स्वतः सही करावी. सज्ञान झाल्यावरची तिची पहिली सही ही असू द्या.

एवढा आग्रह का धरते ते सांगते. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, आणि अठरा होताच घरचे तिला तालुक्याला घेऊन जातात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. अज्ञान मुलीचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडून घेता येत नाही, म्हणून अठराची वाट बघतात. पुढ्यात हक्कसोडपत्र ठेवतात, "भावासाठी कर गं" म्हणतात, आणि ती करते. त्या मोत्यासारख्या अक्षराची पहिली कायदेशीर सही स्वतःचा हिस्सा सोडण्यासाठी खर्ची पडते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तुमच्या मुलीचं ते एकर तर आजोबांनी मुद्दाम तिच्यासाठी ठेवलेलं. सकाळी त्या बांधावर तिला घेऊन जा. चतु:सीमा दाखवा, पाणी कुठल्या पाटानं येतं ते दाखवा, मागच्या साली तिथं काय पिकलं ते सांगा. मेक्सिकोतला बाप बूट चढवतो, तसं तिच्या पप्पांनी तिला तिचा बांध चालवून दाखवावा.

बाकीचे कागद थोडक्यात. बँकेतलं अज्ञान खातं आता तिच्या सहीचं करून घ्या. पॅनकार्ड लहानपणी काढलं असेल तर त्यावर फोटो-सही नसते, ती घालून घ्या. मतदार यादीसाठी नमुना ६ भरायचा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखा धरतात, त्यामुळे आता पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो, तेव्हा तिनं आजच भरला तरी चालेल.

प्रश्न : मॅडम, मला परवा अठरा पूर्ण होतील. मित्रांनी रात्री बाराला चौकात केक ठरवलाय. तलवारीनं कापायचा, स्प्रे मारायचा, असं ग्रुपवर चाललंय. नको म्हटलं तर भित्रा म्हणतील. काय करू?
— एक विद्यार्थी, जळगाव जिल्हा

उत्तर : बाळा, तुला नको वाटतंय, म्हणून तर तू लिहिलंस. तलवारीनं केक कापल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात आणि पुरावा मित्रांनीच टाकलेल्या व्हिडिओचा असतो. परवा रात्री बारापासून तू कायद्यानं सज्ञान. बाल न्यायाचं संरक्षण संपलं, नाव प्रौढांच्या गुन्ह्यांत लागेल. पोलिस भरतीचा फॉर्म भरणारी आपल्याकडची किती मुलं चारित्र्य पडताळणीपाशी अडतात ते गावात कोणालाही विचार.

स्प्रेचं त्याहून वाईट. त्या डब्यातला वायू बऱ्याचदा पेट घेणारा असतो आणि समोर मेणबत्त्या जळत असतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची भुवई आणि अर्धा कान असा भाजला. तो चेहरा घेऊन तो मला भेटायला आला तेव्हा मला बोलता येईना.

मित्रांना सांग, केक संध्याकाळी सातला, आमच्या घरी, आईनं वरण-बट्टी केली आहे. तुपाच्या बट्टीला नाही म्हणणारा खान्देशी मित्र मी तरी पाहिलेला नाही. आणि त्या रात्री गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. तुझं शिकाऊ लायसन्सही अजून निघालेलं नसेल, म्हणजे तू नाही.