मचाल्याला फोन कधी लावू?

प्रश्न : आमची रावेरला केळी आहे, मुलाची ओळख इक्वेडोरच्या मचालातल्या एका बागवाल्याशी झालीय. तिकडे आत्ता किती वाजले ते कसं कळणार, आणि तिकडची केळी आपल्यासारखीच का?

उत्तर : भाऊ, सोपंय, आपल्या घड्याळातून साडेदहा तास वजा करा. आपल्याकडे रात्रीचे ८ म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ, गडी बागेत असतो, तेव्हाच लावा, सकाळी ११ ला लावाल तर तिकडे मध्यरात्रीचे साडेबारा, शिव्याच बसतील! अमेरिकेसारखं उन्हाळ्यात घड्याळ पुढं-मागं करायची भानगडही तिकडे नाही.

केळीचं म्हणाल तर निर्यातीत इक्वेडोर जगात पहिला, पण खरा फरक हवेचा. मचाला विषुववृत्ताजवळ, समुद्राच्या कडेला, वर्षभर दिवस जवळपास १२ तासांचा आणि हवा बऱ्यापैकी सारखी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, बागेभोवती शेवरीची झाडं नाहीतर उंच नेपियर गवत लावून गरम वारा अडवायचा, घड वाळल्या पानांनी झाकायचे, आणि थंडीत चरका (थंडीनं झाडाला होणारी इजा) बसतो तो वेगळाच. ते काय करतील असलं! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तेवढं त्याला आवर्जून सांगा.